पाटी नसलेल्या एमजीए इंजिनाचा माग: आधी लोखंड वाचा, मग कागद

प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या वडिलांच्या मामांची १९५७ ची एमजीए, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स गाडी, तुमच्याकडे आली आहे. गाडीची पहिली नोंदणी मुंबईची. आरसीवर इंजिन नंबर १५जीबी/यू/एच असा सुरू होतो. इंजिनवर मात्र नंबराची पाटीच नाही, रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरली आहेत. तुमचा मेकॅनिक म्हणतो, 'हे अँबेसेडरचं इंजिन आहे.' इंजिन उघडायच्या आधी ते कुठे आणि कधी बनलं, आणि ते याच गाडीचं आहे का, हे तुम्हाला शोधायचं आहे.

तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं निघू शकतं. पण तो नुसत्या आकारावरून बोलत असेल तर त्या बोलण्यावर विसंबू नका, कारण एमजीए आणि अँबेसेडर यांची इंजिनं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षांहून जास्त काळ ब्लॉक बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांची इंजिनं आमच्या शेडमध्ये नेहमी येतात. माझा अनुभव असा, की इंजिनावरच्या खुणांची विश्वासार्हता त्या कशा उमटल्या त्यावर ठरते. ओतताना उठलेला आकडा सगळ्यात खरा. मग मशिनिंगच्या खुणा, मग पंचाने ठोकलेला नंबर, मग रिव्हेटने बसवलेली पाटी. कागद सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात: आधी आरसी बघतात, मग पाटी शोधतात, आणि पाटी नाही म्हटलं की हातपाय गाळतात.

आधी या इंजिनाचं घराणं समजून घ्या, नाहीतर सापडलेल्या खुणांचा अर्थ लागणार नाही. १९५२ साली ऑस्टिन आणि नफिल्ड या दोन मोठ्या ब्रिटिश कंपन्या एकत्र येऊन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) झाली. ऑस्टिनकडे १९४७ च्या ए-४० डेव्हनमधलं १२०० सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन होतं. त्याच धर्तीवर नव्याने आखलेलं इंजिन म्हणजे बीएमसीचं बी-सीरिज. १४८९ सीसीच्या रूपात ते पहिल्यांदा दिसलं १९५३ च्या एमजी मॅग्नेट झेडए या सलूनमध्ये. १९५४ मध्ये ते मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज टूमध्ये आलं आणि सप्टेंबर १९५५ मध्ये एमजीएमध्ये. एमजीच्या टीसी, टीडी, टीएफ या आधीच्या गाड्यांत एक्सपीएजी घराण्याचं वेगळंच इंजिन असायचं. ज्यांनी ते उघडलंय त्यांना त्याचे मेट्रिक आटे आणि त्यावर व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्याची डोकी आठवत असतील. बी-सीरिजमध्ये ती कटकट नाही, बहुतेक ठिकाणी सरळ यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे आटे.

या घराण्याची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पेट्रोल बी-सीरिजचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) पहिल्यापासून शेवटपर्यंत ८८.९ मिलिमीटरच, म्हणजे साडेतीन इंच. वाढत गेला तो बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. १४८९ सीसीला ७३.०३ मिलिमीटर, १९५९ च्या एमजीए १६०० मधल्या १५८८ सीसीला ७५.४१, १९६१ च्या मार्क टूमधल्या १६२२ सीसीला ७६.२० आणि १९६२ पासूनच्या एमजीबीतल्या १७९८ सीसीला ८०.२६. एमजीबी ऑक्टोबर १९८० पर्यंत बनत होती, म्हणजे एका मुळावर सत्तावीस वर्षं कंपनीने काम केलं. म्हणूनच हेड काढल्यावर माझं पहिलं काम म्हणजे बोअर गेज लावणं. कारखान्याने या इंजिनाला ४० थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझ पिस्टन दिले होते. १४८९ चा बोअर तेवढा वाढवला तरी तो ७४.०४ च्या आसपास थांबतो, ७५.४१ पर्यंत पोचत नाही. त्यामुळे इंजिन १४८९ सीसीचं आहे की त्याहून मोठं, हे गेजवर निःसंशय कळतं. एकच खबरदारी घ्या: ब्लॉकमध्ये कुणी स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायच्या नव्या नळ्या) घातल्या असतील तर बोअरचं माप फसवतं. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करा. स्लीव्ह असेल तर सिलिंडरभोवती केसासारखी बारीक गोल रेघ उमटते, ती नखाला लागते.

आता अँबेसेडरचा धागा. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवरून अँबेसेडर काढली. सुरुवातीला तिच्यात १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. १९५९ मध्ये त्याजागी १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं, म्हणजे तुमच्या एमजीएच्याच मापाचं बी-सीरिज. गंमत पुढे आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या सलून गाड्या १९६१ मध्ये १६२२ सीसीवर गेल्या. १४८९ सीसी रायली वन पॉइंट फाइव्ह आणि वुल्सली १५०० या छोट्या गाड्यांत १९६५ पर्यंत तग धरून होतं. उत्तरपाड्यात मात्र ते त्यानंतरही कित्येक वर्षं ओतलं, कापलं, जोडलं जात होतं. त्या काळात आयात जवळजवळ बंद. एमजीएचा ब्लॉक तडकला किंवा क्रँक गेली तर मालकाने करायचं काय? मागची प्लेट, फ्लायव्हील, दोन एसयू कार्बोरेटर असं जुन्या इंजिनाचं ठेवायचं आणि खाली अँबेसेडरचा ब्लॉक घालायचा. गाडी चालती राहायची. त्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांच्यामुळेच या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. पण आज माग काढताना हे असं घडलं असण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं.

मग दोन्ही वेगळी ओळखायची कशी? मला सगळ्यात भरवशाची वाटणारी खूण सांगतो. एमजीएच्या डॅशबोर्डवरचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) केबलवर चालतो, आणि ती केबल फिरते इंजिनातल्या कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यावर. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, अगदी मागे, एक छोटा गिअरबॉक्स नटांनी बसवलेला असतो. तिथून केबल निघते. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला त्यासाठी खास गिअर कापलेला असतो. सलून गाडीला टॅकोमीटरच नव्हता, त्यामुळे तिथे ना ड्राइव्ह, ना कॅमशाफ्टवर गिअर. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यासारखं धरून डावी-उजवी ठरवा: मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर डावीकडे, डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो उजवीकडे. गोंधळ तिथेच होतो म्हणून सांगितलं.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक गृहस्थ असंच इंजिन घेऊन आले होते. विकणाऱ्याने 'अस्सल एमजीचं' म्हणून दिलेलं, वर दोन एसयू कार्बोरेटर, एमजीच्या जुन्या इंजिनांसारखा लालसर मरून रंगही दिलेला. टेबलावर घेतलं आणि डावीकडे मागे बघितलं, तर टॅकोमीटरच्या जागी सपाट प्लेट मारून गास्केट सिमेंट फासलेलं. संप (खालचं तेलाचं भांडं) काढून, टायमिंग चेन सोडवून कॅमशाफ्ट बाहेर ओढला. मागचं टोक गुळगुळीत, गिअरचा एक दातही नाही. मरून रंग पटाशीने खरवडला तर खाली आणखी दोन थर होते. माणूस फार खट्टू झाला. ब्लॉक मात्र ठणठणीत होता, बोअर स्टँडर्ड. त्यांनी तोच बांधून घेतला आणि गाडीच्या फाइलमध्ये खरी नोंद लिहून ठेवली.

एक मात्र आहे. ड्राइव्ह असणं हा पुरावा भक्कम, नसणं तेवढं भक्कम नाही. कुणी कॅमशाफ्ट बदलला असेल तर एमजीएचा ब्लॉकही मुका होतो. म्हणून ब्लॉकची ती जागा मशिनिंग केलेली आहे का हे स्वतंत्रपणे बघायचं. कॅमशाफ्ट बदलता येतो; कारखान्यात कापलेली बैठक कुणी उगाच भरून काढत नाही.

आता ओतीव आकडे. आमच्या कोल्हापुरात फाउंड्र्या गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे ही गोष्ट इथल्या पोरासोरांनाही कळते: कास्टिंगवर उठून दिसणारा नंबर हा पॅटर्नचा, म्हणजे ओतकामाच्या साच्याच्या नमुन्याचा असतो, त्या एकाच नगाचा नसतो. त्याच पॅटर्नवरून हजारो ब्लॉक निघतात. त्यामुळे 'माझ्या ब्लॉकवर हा कास्टिंग नंबर आहे, तर हाच माझ्या गाडीचा इंजिन नंबर' असं धरू नका. ही चूक मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही पाहिली आहे. पण बी-सीरिजच्या अनेक ब्लॉकवर याशिवाय ओतल्याची तारीखही उठावात असते: दिवस, महिना, वर्ष, त्याच क्रमाने. पॅटर्नवर तारखेचे सुटे आकडे बसवतात आणि ते बदलत राहतात, आमच्याकडेही हीच पद्धत. ही तारीख तुम्हाला सापडली तर अर्धी लढाई जिंकलात.

ती शोधायची अशी. ब्लॉकच्या दोन्ही बाजूच्या भिंती रॉकेलने धुवा आणि पितळी ब्रशने हलक्या हाताने घासा. ग्राइंडरला वायर व्हील लावू नका, त्याने उठावाच्या कडा गोल होतात आणि ३ चा ८ दिसायला लागतो. गंज आणि जुना रंग घट्ट असेल तर पेंट रिमूव्हर लावून तासभर थांबा. सुकल्यावर फळ्यावरचा खडू आडवा धरून अलगद फिरवा. खडू फक्त उठावावर लागतो आणि काळ्या लोखंडावर आकडे पांढरे उभे राहतात. मग बाजूने तिरपा टॉर्च धरून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसतं.

तारीख मिळाली की हिशोब सोपा. ब्लॉक आधी ओतला जातो, मग मशिनिंग, जोडणी, चाचणी, आणि मग तो गाडीत बसतो. तुमची गाडी १९५७ ची असेल तर ब्लॉकवर १९५६ च्या शेवटची किंवा १९५७ ची तारीख शोभते. १९६० ची निघाली तर तो ब्लॉक नंतर आलेला आहे, त्यावर पाटी कुठलीही असो. १९७० च्या दशकातली तारीख असलेला १४८९ सीसीचा ब्लॉक म्हणजे उत्तरपाड्याकडे बोट दाखवणारा, कारण तोवर ब्रिटनमध्ये या मापाचं पेट्रोल इंजिन गाड्यांत बसवणं थांबलं होतं.

हेड वेगळं बघा. हेडने ब्लॉकची साक्ष देऊ नये आणि ब्लॉकने हेडची. या घराण्यात हेड सर्रास इकडचे तिकडे झालेले आहेत. हेडवर १२एच९०६ असा उठाव असेल तर तो १६२२ किंवा सुरुवातीच्या १८०० इंजिनांचा, म्हणजे १९५७ च्या गाडीत कारखान्यातून आलेला असूच शकत नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका. तुमचं इंजिन हिरवं असो की काळं, साठहून जास्त वर्षांत किती जणांनी डबा उघडला असेल याचा नेम नाही.

आता नंबराकडे येऊ. आरसीवरचं १५जीबी/यू/एच म्हणजे काय? १५ म्हणजे १५०० सीसीचा वर्ग. जी म्हणजे एमजी. बी हा एमजीसाठीच्या १५०० इंजिनाचा प्रकार: ए मॅग्नेट झेडएला, बी एमजीएला, सी मॅग्नेट झेडबीला, आणि एमजीए १५०० च्या शेवटच्या काळात डी. यू म्हणजे गिअरचा दांडा मधोमध, जमिनीवर. एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, या इंजिनात ८.३ ला १. त्यानंतरचे आकडे अनुक्रमाचे. सुरुवातीच्या एमजीएंवर हाच प्रकार बीपी१५जीबी असा लिहिलेला असे, त्यामुळे जुन्या कागदावर बीपी दिसलं तर बिचकू नका. हा नंबर छापील पाटीवर, ब्लॉकच्या उजव्या बाजूला डायनॅमोच्या वरच्या अंगाला असायचा. तुमची दोन भोकं तिथेच आहेत का बघा. असतील तर इंजिन बीएमसीच्या पद्धतीचं आहे एवढंच सिद्ध होतं, त्यापुढे काही नाही.

आरसी वाचताना मन मोकळं ठेवा. हाताने उतरवलेल्या नोंदींमध्ये जी चा ६, बी चा ८, तिरप्या रेघेचा १ होणं अगदी नेहमीचं. १५जीबी चं १५६८ झालेलं मी दोनदा पाहिलंय. जुनं टॅक्सबुक, विम्याचे कागद, पहिल्या विक्रीची पावती, जे मिळेल ते गोळा करा आणि नंबर शेजारी शेजारी मांडा. चूक कुठल्या वर्षी शिरली ते लगेच दिसतं.

आणि आता इंग्लंडमधली नोंद. एमजीए ॲबिंग्डनला जोडली जायची, थेम्सकाठच्या छोट्या गावात. इंजिनं मात्र कॉव्हेंट्रीच्या कोर्टहाउस ग्रीनहून, मॉरिस इंजिन्सच्या कारखान्यातून तयार होऊन यायची. त्यामुळे 'एमजीने बनवलेलं इंजिन' म्हणताना ते ॲबिंग्डनला फक्त बसवलं गेलं हे ध्यानात असू द्या. १९५५ ते १९६२ मध्ये एकूण १,०१,०८१ एमजीए बनल्या, त्यातल्या ५८,७५० तुमच्यासारख्या १५०० सीसीच्या. त्या प्रत्येक गाडीची वहीत नोंद व्हायची. त्या वह्या आज वॉरिकशरमधल्या गेडन इथे ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपलेल्या आहेत, आणि तिथली ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट फी घेऊन त्यावरून हेरिटेज सर्टिफिकेट देते. त्यात गाडी कधी बनली, कुठे पाठवली, रंग कोणता, आणि मूळ इंजिन नंबर काय, हे येतं.

इथे बहुतेकांची एक चूक होते. वह्या चासी नंबराच्या क्रमाने आहेत. सुटा इंजिन नंबर पाठवून 'हे कुठल्या गाडीचं' असं विचाराल तर हाती काही लागत नाही. तुमच्याकडे गाडी आहे, हे तुमचं नशीब. चासी नंबर आधी पक्का करा. तो एचडी किंवा, कूपे असेल तर, एचएम या अक्षरांनी सुरू होतो. तिसरं अक्षर रंगाचं. चौथ्या जागी १ असेल तर ब्रिटनमध्येच विकायची उजव्या स्टिअरिंगची गाडी, २ असेल तर उजव्याच स्टिअरिंगची, पण निर्यातीची. थेट भारतात आलेल्या गाडीला २ शोभतो. १ निघाला तर कुणीतरी ती तिकडे वापरून इकडे आणली असावी, आणि मग मामांच्या जुन्या पत्रांत, पासपोर्टात डोकवायला हरकत नाही.

सर्टिफिकेटवरचा इंजिन नंबर आरसीशी जुळला तर एवढं ठरतं, की मुंबईत नोंदणी झाली तेव्हा मूळ इंजिन गाडीत होतं. आज जे समोर आहे ते तेच का, हे ब्लॉकवरची तारीख आणि टॅकोमीटरची बैठक सांगेल. दोन्ही जुळलं तर पाटी नसतानाही तुमची बाजू भक्कम. सर्टिफिकेट आणि आरसी जुळले नाहीत तरी लगेच फसवणूक समजू नका. बीएमसी पुढे स्वतःच गोल्ड सील नावाने कारखान्यात दुरुस्त केलेली बदली इंजिनं द्यायची, सोनेरी रंगाची, त्यांच्या पाटीवर वेगळाच क्रमांक.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आरसीवरचा नंबर रिकाम्या ब्लॉकवर ठोकून घेऊ नका, नवी पाटी बनवून घेऊ नका. 'साहेब, पाच मिनिटांचं काम आहे' म्हणणारा माणूस तुम्हाला भेटेलच. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि खऱ्या इतिहासावर कायमचा बोळा फिरतो. एकदा अशाच एका ब्लॉकची जागा ग्राइंडरने घासून वर नवे पंच मारलेले माझ्याकडे आले होते. घासताना शेजारचा तारखेचा उठावही निम्मा गेला होता. तो ब्लॉक कदाचित मूळचाच असेल, पण ते आता कुणालाच सांगता येणार नाही. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हीए मालिकेची वेगळी नोंदणी मिळते, आणि तिच्यात गाडी मूळ रूपात असणं, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नसणं अपेक्षित आहे. तिथे अर्ज करणार असाल तर इंजिन बदललेलं असल्यास ते रीतसर आरटीओत नोंदवून घ्या आणि हा सगळा फोटोंचा, मापांचा पुरावा जोडा.

तुमच्या जागी मी असतो तर आज गेडनला अर्ज टाकला असता, कारण उत्तराला वेळ लागतो. तोवर ब्लॉक धुऊन खडू फिरवा. हेड उतरवाल तेव्हा चारही बोअरचं माप वर, मध्ये आणि खाली घ्या, आणि कॅमशाफ्ट बाहेर आला की त्याच्या मागच्या टोकाचा जवळून फोटो काढून मला दाखवा. तोपर्यंत मेकॅनिकला म्हणावं, ब्लॉकला नवा रंग लावू नकोस.